मावशीचं डायलिसिस: मशीनवरचं की पोटातलं?

मधुमेहाने मावशीच्या किडन्या गेल्या. मावसभाऊ विचारतो, हिमोडायलिसिस (मशीनवर रक्त शुद्ध करणं) की पेरिटोनियल (पोटात द्रावण सोडून शुद्ध करणं)?

आधी हृदयाचं बघू, कारण अशा रुग्णांना मोठा धोका तिथेच असतो. बाईमाणसाला हृदयविकार उशिरा होतो म्हणतात, पण मधुमेह ही सवलत बरीचशी काढून घेतो. शिवाय बायकांत छातीत कळ येण्याऐवजी नुसती धाप, मळमळ किंवा थकवा असू शकतो. घरचे ॲसिडिटी समजून गप्प बसतात.

मशीनवर आठवड्यातून 3 वेळा, साधारण 4 तासांत साठलेलं पाणी ओढून काढतात. बीपी एकदम उतरतं, हृदयाला ताण पडतो. दोन डायलिसिसमधली 2 दिवसांची सुट्टी तर जास्त धोक्याची. हातातल्या फिस्टुलानेही (मशीनच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) हृदयाचं काम वाढतं, आणि बायकांच्या शिरा बारीक असल्याने तो नीट तयार व्हायला अनेकदा वेळ लागतो.

पोटातलं रोज, हळूहळू चालतं. हृदयाला सोसवतं. पण द्रावणात ग्लुकोज असतं, म्हणजे साखर आणि वजन वाढणार. दिवसातून सहसा 4 वेळा पिशवी बदलायची, हात स्वच्छ नसतील तर पोटात जंतुसंसर्ग. अधू नजरेच्या मावशीला हे एकटीने जमेल? मला शंका आहे.

खर्चात मशीन सोपं: महात्मा फुले योजनेत बसतं.

हृदय कमजोर, सेंटर लांब आणि घरात सून-मुलगा हाताशी, तर पोटातलं. साखर आवरत नसेल, मावशी एकटी राहत असेल, तर मशीनवरचं. मात्र ठरवण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.