टी.वाय. राहिलं होतं, ते ट्रेंटनला पूर्ण झालं

१९९९ साली बी.कॉम.चं एस.वाय. ५२ टक्क्यांनी पास झाले. टी.वाय. अर्धं झालं तोच लग्न झालं आणि मी थेट न्यू जर्सीत आले. तेव्हापासून कुठलाही अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्याशी हात अडखळायचा. बँकेत काउंटरच्या पुढे सरकायचं तर बॅचलर्स हवी, म्हणून पंचेचाळिशीत पुन्हा नाव घातलं, ट्रेंटनच्या थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटीत.

नेहमीच्या कॉलेजांत अडचण अशी, की पदवीच्या १२० क्रेडिटांपैकी (क्रेडिट म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं माप) निदान ३० तरी आमच्याकडेच करा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. बाहेरची क्रेडिटं सढळ हाताने घेणारी तीन नावं सारखी कानावर येतात: न्यूयॉर्क राज्यातली एक्सेल्सियर, कनेक्टिकटचं चार्टर ओक आणि आमचं एडिसन. तिन्ही १९७१ ते १९७३ या काळात निघालेली, आणि मुळात नोकरी-संसारवाल्यांसाठीच. मी एडिसन गावात राहते, म्हणून नावाचा मोह झाला हेही खरं. स्वतः एडिसन शाळेत जेमतेम काही महिने गेला होता!

बँकेतल्या बाईला ही पद्धत पटकन कळते. तुमच्या नावाचं एक खातं. त्यात जुनी क्रेडिटं जमा, परीक्षा दिली की जमा, ऑनलाइन कोर्स केला की जमा. काय शिल्लक आहे ते 'डिग्री ऑडिट'मध्ये दिसतं. वर्गात बसून शिकायची हौस असेल तर मात्र इथे येऊ नका.

खरा घाम अमेरिकेत नाही, भारतात फुटला. परदेशी गुणपत्रिका इथल्या मूल्यांकन संस्थेकडून विषयवार तपासून घ्यावी लागते, आणि ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने स्वतः बंद पाकिटात पाठवायची असते. दादाने माझ्यासाठी विद्यापीठात सात खेपा घातल्या. कधी रजिस्टर सापडेना, कधी सहीचे साहेब रजेवर. पाचव्या महिन्यात पाकीट पोचलं, तर संस्थेने परत केलं, कारण पाकिटाच्या जोडावर शिक्का नव्हता! दादा आठव्यांदा गेला. शेवटी ५७ क्रेडिटं पदरात पडली, वर माझ्या बावन्न टक्क्यांना 'बी' ग्रेड. इतकी मी हुशार होते हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

बाकीचा बराच भाग क्लेपने भरला, म्हणजे वर्गात न बसता कॉलेजची क्रेडिटं मिळवून देणाऱ्या परीक्षांनी. दीड तासाची परीक्षा, २० ते ८० गुणांची पट्टी, ५० ला सहसा पास, आणि निकाल लगेच पडद्यावर. मॉडर्न स्टेट्स या वेबसाइटवर तयारीचे कोर्स फुकट आहेत, आणि कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही मिळतं. 'अमेरिकन गव्हर्नमेंट' या विषयाचं मी रात्री भांडी आवरल्यावर तीन आठवड्यांत उरकलं. पण क्लेपची क्रेडिटं बहुतेक खालच्या पातळीची, म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या तोडीची, असतात आणि पदवीला वरच्या पातळीचीही लागतात. तिथे युनिव्हर्सिटीची स्वतःची टीसेप परीक्षा आणि कोर्स कामी आले. कॅपस्टोन, म्हणजे पदवीच्या अखेरच्या मोठ्या प्रोजेक्टने शेवटचे तीन महिने शनिवार-रविवार खाल्ले, पण शिकल्यासारखं वाटलं ते तिथेच.

पैशाचं एक लक्षात ठेवा: सरकारी मदत कॉलेजच्या कोर्सला मिळू शकते, क्लेपच्या फीला नाही. आणि 'जीवनानुभवावर महिन्यात पदवी' अशी जाहिरात दिसली तर आधी अमेरिकन शिक्षण खात्याच्या यादीत त्या कॉलेजची मान्यता शोधा. एडिसनला मिडल स्टेट्स या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे. आमच्या एच.आर.ने तेवढंच पाहिलं, क्रेडिटं कुठून आली ते विचारलंही नाही.

माझ्याकडून एकच गाढवपणा झाला. मूल्यांकनाचा कागद हातात यायच्या आधीच हौसेने फायनान्शियल अकाउंटिंगची क्लेप देऊन बसले. पुढे कळलं, की एफ.वाय.चं अकाउंट्स आधीच त्याच विषयात जमा झालंय, आणि एकाच विषयाची क्रेडिटं दोनदा मिळत नाहीत. त्या परीक्षेत मला ७१ पडले होते, सगळ्या परीक्षांत जास्त. क्रेडिट शून्य.