प्लास्टिक सर्जन की ‘कॉस्मेटिक सर्जन’? ठरवण्याआधी काय तपासायचं

नाक, पोट, स्तन किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया करायची म्हटलं की साधारण तीन प्रकारचे डॉक्टर समोर येतात. पहिला, प्लास्टिक सर्जरीचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेला. दुसरा, कान-नाक-घसा, डोळे किंवा त्वचेचा तज्ज्ञ, जो आपल्या भागापुरतं सौंदर्याचं काम करतो. तिसरा, वेगळ्याच शाखेतला, थोड्या दिवसांचा कोर्स करून ‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी पाटी लावणारा. भिंतीवर प्रमाणपत्रं तिघांच्याही असतात.

खरा फरक वर्षांमध्ये आहे. भारतात एमबीबीएसनंतर 3 वर्षं जनरल सर्जरी आणि त्यानंतर 3 वर्षं प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी ही वरची विशेष पदवी, हा नेहमीचा रस्ता. अमेरिकेत किमान 6 वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राबून घेतलेलं प्रशिक्षण, लागते. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही उपाधी मात्र बऱ्याच ठिकाणी कायद्याने कुणासाठी राखून ठेवलेली नाही. ऑस्ट्रेलियाने 2023 मध्ये ‘सर्जन’ हा शब्द कुणी लावायचा यावरच कायद्याने बंधन घातलं, ते यामुळेच. ‘बोर्ड सर्टिफाइड’, म्हणजे एखाद्या मंडळाने प्रमाणित केलेला, एवढ्यावरही थांबू नका, कोणतं बोर्ड ते विचारा. एखाद्या संघटनेचं सदस्यत्व म्हणजे पदवी नव्हे. डॉक्टरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घ्या, वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत स्वतः शोधा आणि तिथे मूळ पदवीपुढे कोणती विशेष पदवी नोंदली आहे ते पाहा. दवाखान्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

दुसऱ्या प्रकाराला सरसकट नाकारणं चूक आहे. रोज नाकाच्या आतलं काम करणारा सर्जन नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी, किंवा पापण्यांचं खास प्रशिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ पापण्यांसाठी, उत्तम निवड ठरू शकतो. अडचण येते ती तो आपला भाग सोडून पोटाकडे किंवा स्तनांकडे वळतो तेव्हा.

प्रशिक्षण कुठे उपयोगी पडतं ते लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने चरबी शोषून काढताना, स्पष्ट दिसतं. चरबीत बधिर करणारं लिडोकेन आणि अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं पाणी भरतात. या पद्धतीत लिडोकेनची पाळली जाणारी एक मर्यादा दर किलो वजनाला 35 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2100 मिलिग्रॅम. पोट, मांड्या आणि दंड एकाच दिवशी करायला घेतले की हा हिशोब सहज हुकतो. शिवाय औषध चरबीतून हळूहळू रक्तात उतरतं आणि त्याची पातळी साधारण 12 तासांनी सर्वांत जास्त होते. तेव्हा रुग्ण घरी झोपलेला असतो. तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, बडबड, मग झटके, असा तो क्रम. म्हणून सरळ विचारा: लिडोकेन किती देणार? चरबी आणि पाणी मिळून एकूण किती काढणार? 5 लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली राहायला हवं. यावर ‘काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळालं, तर तिथून उठा.

भूल कोण देणार, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर स्वतंत्र भूलतज्ज्ञ हवा आणि तो शस्त्रक्रिया संपेपर्यंत खोलीत हवा. एकाच माणसाने टाकेही घालायचे आणि श्वासावर लक्षही ठेवायचं, हे चालत नाही.

तिघांना वेगळं करणारा आमच्या मते सर्वांत नेमका प्रश्न हा: ‘हीच शस्त्रक्रिया करायची परवानगी तुम्हाला कोणत्या मोठ्या रुग्णालयात आहे?’ अशी परवानगी देताना रुग्णालय डॉक्टरचं प्रशिक्षण तपासतं. फक्त स्वतःच्या क्लिनिकमध्येच करणाऱ्याचं काम असं कुणी तपासलेलं नसतं. फेसलिफ्टनंतर, म्हणजे चेहऱ्याची सैल त्वचा ताणून बसवल्यावर, त्वचेखाली रक्त साचतं ते बहुतेक पहिल्या 24 तासांत. ते वेळेत काढलं नाही तर वरची त्वचा मरू शकते. तेव्हा रात्री फोन कोण उचलणार आणि ऑपरेशन थिएटर कुठलं, हे आधीच ठरलेलं असावं लागतं.

शस्त्रक्रियेच्या ‘आधी’चे आणि ‘नंतर’चे फोटो पाहताना दोन्हींत उजेड, अंतर आणि कोन सारखा आहे का ते बघा. ‘नंतर’च्या फोटोत हनुवटी वर केलेली असेल तर गळा आपोआपच ताणलेला दिसतो. पोटाच्या फोटोत व्रण कपड्याखाली झाकलेला नसावा. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागतं, त्यामुळे महिन्याभराचा फोटो निकाल म्हणून धरू नका.

पहिली भेट सर्जनशीच व्हायला हवी, काउन्सेलरशी नाही. ‘आजच पैसे भरले तर सूट’ म्हणणाऱ्या ठिकाणी सही करू नका. दोन भेटींमध्ये दोन आठवडे जाऊ द्या. दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागलीच तर सर्जनची फी, थिएटर आणि भूल यांपैकी काय माफ आणि काय तुमच्या खिशातून, हे लेखी घ्या. बऱ्याचदा माफ होते ती फक्त सर्जनची फी.