शेवगा, दहिसर नदी आणि माझी ८×४२ दुर्बीण

पक्षी पाहायला ८×४२ची दुर्बीण घेतली, त्याला वर्ष झालं. बोरिवली पूर्वेला आमच्या इमारतीमागे शेवगा आहे आणि चालत दहा मिनिटांवर दहिसर नदी. या दोनच ठिकाणी ती वापरली, म्हणून लिहितेय तेही तेवढ्यापुरतंच.

दुकानदार १०×५० गळ्यात मारत होता. दहापट मोठं दिसतं खरं, पण हाताचा कंपही तितकाच वाढतो. माझं वय ६३. आठपटीत चित्र स्थिर राहतं. शिवाय ४२ मिलिमीटरचं भिंग भागिले आठ, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. झोत रुंद असला की कमी उजेडातही चित्र उजळ दिसतं, म्हणून दिवेलागणीला नदीवर हा हिशोब कामी येतो.

श्रीकृष्ण नगरच्या पुलावरून खाली पाहिलं की आधी प्लास्टिकच दिसतं. राष्ट्रीय उद्यानातून येणारी ही नदी वस्तीत शिरली की तिचा नाला होतो. पण त्या काठावर ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, बसलेली असते. नुसत्या डोळ्यांना मातीचं ढेकूळ वाटावी अशी. दुर्बिणीतून मात्र मानेवरच्या तपकिरी रेघा आणि पिवळा डोळा स्पष्ट दिसतो. उडाली की एकदम पांढरीशुभ्र! हिवाळ्यात करडा धोबी पक्षी येतो, हिमालयाकडून. इतक्या लांबून येऊन तो आमच्या काळ्या पाण्यातल्या दगडावर शेपटी हलवत बसतो. पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा गहिवरून आलं मला.

शेवग्यावर मात्र पंचाईत. ही दुर्बीण पाच मीटरच्या आतलं दाखवत नाही, आणि फुलांची फांदी खिडकीपासून जेमतेम तीन मीटरवर. शिंजीर मध प्यायला आला की नुसता जांभळा धूसर ठिपका. पलीकडच्या वाळक्या फांदीवरचा तांबट तेवढा छान दिसला. पोखरलेल्या ढोलीतून चोचभर भुसा बाहेर टाकत होता, कितीतरी वेळ. खिडकीजवळचं पाहायचं असेल तर दोन मीटरवर फोकस होणारीच मागा.

चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरं दुमडायची. वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यामुळे पट्टा मानेऐवजी खांद्यावरून तिरका घ्या. आणि मुंबईचा पावसाळा! पहिल्याच पावसात माझ्या डाव्या भिंगावर बुरशीचा ठिपका आला. आता ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते.

पुन्हा घेतली तर ८×४२च घेईन, पण जवळचं दाखवणारी आणि वॉटरप्रूफ. तोवर शिंजीर आला की दुर्बीण खाली ठेवते.