बांधावरचा अडुळसा: चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जूनच्या शेवटी बांधावर कुंपण म्हणून अडुळशाची छाट कलमं लावली. त्याआधी तिथे जास्वंद होती. ती शेळ्यांनी दोनदा बुडख्यापर्यंत खाल्ली. अडुळशाला चौदा महिन्यांत एकाही शेळीनं तोंड लावलेलं नाही. येतात, हुंगतात आणि पुढे जातात. तमिळमधलं त्याचं नावच 'शेळी शिवत नाही' अशा अर्थाचं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली शास्त्रीय नावात तेच ठेवलं, जस्टिसिया अधाटोडा. पान चोळून नाकाशी धरा, कारण लगेच कळेल.

लावायला इतकं सोपं झुडूप मी दुसरं पाहिलं नाही. बोटाएवढ्या जाड, तीन-चार पेरांच्या काड्या कापल्या आणि दोन पेरं मातीत गाडली. पावसानं बाकीचं काम केलं. वीसपैकी सतरा फुटल्या. आज बहुतेक झुडपं छातीला लागतात.

सदाहरित म्हणजे पानगळच नाही असं समजू नका. खालची पानं पिवळी पडून वर्षभर थोडी थोडी गळतात, पण झुडूप कधी उघडं पडत नाही. मे महिन्यात भर दुपारी पानं मान टाकायची, तेव्हा मी धास्तावलो होतो. संध्याकाळी पाणी दिलं की सकाळी पुन्हा ताठ. आजूबाजूचं गवत करपलेलं असताना तेवढी एकच रांग हिरवीगार होती. फेब्रुवारीत शेंड्यांना तुरे आले. पांढरं, दोन ओठांचं फूल, खालच्या ओठावर जांभळट रेषा. मधमाश्या त्याच ओठावर उतरून आत शिरतात. सकाळचा चहा मी तिथेच उभं राहून घ्यायचो.

उणीवही सांगतो. काटे नाहीत, आणि खोडाचा खालचा भाग लवकर बोडका होतो. तिथून कुत्री सहज ये-जा करतात. एकदा म्हैस सरळ आडवी घुसली आणि तीन झुडपं मोडली. खाण्यापासून अडुळसा स्वतःला वाचवतो, रेटा त्याला थोपवता येत नाही. जूनमध्ये गुडघ्याएवढं छाटलं, तेव्हा बुडातून फुटवे आले आणि रांग दाट झाली. छाटलेला पाला आंब्याच्या आळ्यात घातला.

खोकल्यासाठी पानं मागायला लोक येतात. देतो, पण गरोदर बाईसाठी हवी असतील तर नाही म्हणतो. यातलं व्हॅसिसीन हे द्रव्य गर्भाशय आकुंचित करतं. ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषधही याच व्हॅसिसीनवरून तयार झालं.

म्हशीनं मोडलेल्या जागी या पावसात करवंद लावली आहे.