मेंढा-लेखा: डाव्या-उजव्याच्या पलीकडचं काही शोधताय तर एकदा जाऊन या

चळवळीतली डाव्यांची शिबिरं केली, समाजवाद्यांची केली, सगळीकडे शेवटी अडायचं ते एकाच ठिकाणी की निर्णय घेणार कोण, आणि त्याचं उत्तर मला गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या ह्या छोट्याशा गोंड गावात मिळालं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. बहुमत वगैरे नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं. ग्रामसभा वेगळी, अभ्यास गट वेगळा, गटात नुसती चर्चा करायची, निर्णय सभेचाच, हे तर मला जाम आवडलं. २००९ ला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतूक पासचं (म्हणजे बांबू जंगलाबाहेर न्यायच्या परवान्याचं) पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं, पुढे शेतजमिनीचंही ग्रामदान केलं, म्हणजे आपापली जमीन सगळ्या गावाची म्हणून देऊन टाकली. मालकी सरकारची नाही आणि एकट्यादुकट्याचीही नाही! लाखभर वस्तीच्या शहरी वॉर्डात हे कसं बसवायचं हा प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही, तिथे शेजारच्याचं नाव माहीत नसतं. फिरायला म्हणून जाऊ नका प्लीज, आधी गावाला विचारा, मग जा आणि गपचूप ऐका. माझ्याकडून पाचपैकी पाच.