तिहाईचा तिसरा पल्ला : मॅडहाऊसचं '८', '१६' आणि तिजोरीत राहिलेलं '२४'

पुतण्या मिनियापोलिसला असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये जपून एक एलपी घेऊन आला. "काका, यात गाणारं कोणी नाही. पण साथ ऐक," एवढंच म्हणाला. कव्हरचा एक कोपरा कापलेला. न खपलेला माल स्वस्तात काढताना तिकडच्या कंपन्या कव्हरला असा काप द्यायच्या. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याला ती १८ डॉलरला मिळाली. रेकॉर्डचं नाव '८', वाद्यवृंदाचं नाव मॅडहाऊस, साल १९८७. आत आठ रचना आणि त्यांची नावं एक, दोन, तीन करत आठपर्यंत. बाकी काही नाही.

अमेरिकन गायक-वादक प्रिन्स म्हटलं की बहुतेकांना 'पर्पल रेन' आणि गिटार आठवते. त्याच प्रिन्सने १९८६ च्या सप्टेंबरअखेरीस, मिनेसोटातल्या चॅनहॅसनला, चार दिवसांत ही रेकॉर्ड करून टाकली. ड्रम, बास, कीबोर्ड, जे ऐकू येतं ते सगळं त्याचं. सॅक्सोफोन आणि बासरी तेवढी एरिक लीड्सची. आणि एवढं करून प्रिन्सने आपलं नाव कुठेही येऊ दिलं नाही. मॅडहाऊस नावाचा वाद्यवृंद खरोखर आहे असं वाटावं म्हणून बनावट वादकांची नावंही पुढे केली. त्याच महिन्याभरात 'द रेव्होल्यूशन' हा त्याचा गाजलेला बँड मोडला. एकीकडे घर मोडत होतं आणि दुसरीकडे हा माणूस बिननावाने जॅझ-फंक वाजवत बसला होता.

मी ३१ वर्षं पेटीची साथ करतो. पुण्यात, सांगलीत, कधी बेळगावला. त्यामुळे मी ही रेकॉर्ड साथीदाराच्या कानाने ऐकली, आणि परीक्षणही तसंच लिहितो आहे. गायकाने आलाप संपवून श्वास घेतला की तेवढ्या जागेत दोन सूर सोडायचे आणि तो परत आला की हात मागे घ्यायचा, हे शिकायला मला दहा वर्षं लागली. 'एक' ही पहिली रचना सात मिनिटांच्या पुढे जाते. तिच्यात लीड्स वाजवत असताना प्रिन्सचा बास कसा चालतो ते ऐका. तबल्याच्या एकलवादनाला आम्ही लेहरा धरतो तसा तो आहे. तीच ओळ पुन्हा पुन्हा, पण प्रत्येक फेरीत एखादा सूर किंचित उशिरा ठेवलेला, म्हणजे वर वाजवणाऱ्याला टेकायला जागा मिळते. लेहरा धरणाऱ्याने तोंड वर काढलं की तबलजी बिथरतो. लाखभर लोकांसमोर गिटार घेऊन उभा राहणारा हा माणूस या सात मिनिटांत एकदाही तोंड वर काढत नाही.

शिवाय ही साथ एका वेळी वाजवलेली असणं शक्यच नाही. एकच माणूस इतकी वाद्यं वाजवतो म्हणजे ती एकेक करून, थरावर थर देत भरावी लागतात. ड्रम वाजवताना त्याला उद्याचा बास ठाऊक असायला हवा, बास वाजवताना सॅक्सोफोन कुठे श्वास घेईल याचा अंदाज हवा. मी समोर बसलेल्या गायकाच्या मानेकडे बघून साथ करतो. इथे मानही नाही. हे जमवणारा माणूस मैफलीत बसला असता तर कसा वाजला असता, या विचाराने मला एक रात्र झोप लागली नाही.

'सहा' ही रचना सगळ्यांत गाजली. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ती पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. शब्द नसलेलं, गायक नसलेलं, ज्याच्या वादकांची नावंही लोकांना माहीत नाहीत असं संगीत. ठेका जाडजूड, चाल दोन वेळा ऐकली की गुणगुणता येते. सौ.ला हीच आवडली. मला 'आठ' जास्त आवडली. दहा मिनिटांची, संथ, आणि घाई कशाचीच नाही. उलट 'पाच' सव्वा मिनिटात संपते, ती मला अजून अर्धवटच वाटते. मधल्या एकदोन रचनाही मनात राहिल्या नाहीत, हे सांगायला हवं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात '१६' आली. त्यात नऊ ते सोळा. या वेळी बासवर लीवाय सीसर आणि कीबोर्डवर मॅट फिंक अशी प्रिन्सच्या बँडमधली माणसंही होती, आणि मधूनमधून 'द गॉडफादर' सिनेमातले संवाद पेरलेले. ते संवाद मला खटकले. सूर लागत आलेला असताना कोणीतरी दार उघडून बोलायला लागावं तसं होतं. ही मी पुतण्याच्या संगणकावर ऐकली, रेकॉर्ड हाती आलेली नाही. वादन '८' पेक्षा भरीव आहे, पण एका माणसाच्या श्वासाचा जो सलगपणा '८' मध्ये आहे तो यात नाही.

या मालिकेतली एक गंमत मराठी माणसालाच पुरती कळेल. 'सहा'च्या एकेरी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला जी रचना होती तिचं नाव 'साडेसहा'. 'दहा'च्या मागे 'साडेदहा'. आणि 'तेरा'च्या मागे 'सव्वातेरा'! इंग्रजीत त्यांना आकडा, मग 'आणि', मग अपूर्णांक असं सगळं म्हणावं लागतं. आपल्याकडे एकेक शब्द तयार आहे. मी पुतण्याला फोनवर 'सव्वातेरा कधी ऐकवतोस' म्हणालो तेव्हा तो खूप हसला.

आता मुख्य दुखणं. आठ झालं, सोळा झालं, पुढे '२४' यायला हवं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही तिहाई आहे, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, येणं. एक पल्ला वाजला, दुसरा वाजला, आता तिसरा वाजून समेवर यायचं. ऐकणाऱ्याची मान हलायला तयार असते. आणि वाजवणाऱ्याने हात उचलून घेतला.

बरं, '२४' झालंच नाही असंही नाही. ते दोनदा झालं. पहिल्यांदा १९८८ च्या अखेरीस ध्वनिमुद्रण झालं, शेवटच्या चार आकड्यांची मिळून एक लांबलचक रचना होती, ती कपाटात गेली. पाचेक वर्षांनी, १९९३ च्या सुमाराला, त्याच नावाखाली सगळं नव्याने. या वेळी ड्रमवर मायकेल ब्लँड, बासवर सनी थॉम्पसन, गिटारवर लीवाय सीसर, सॅक्सोफोनवर पुन्हा लीड्स आणि कीबोर्डवर स्वतः प्रिन्स. तेही कपाटात गेलं. चोरट्या प्रती फिरत असतात. पुतण्याने विचारलं होतं, मी नको म्हणालो. माझ्या रियाजाच्या खोलीबाहेर कोणी फोन धरून बसलेलं मला चालणार नाही, मग दुसऱ्याच्या कपाटातलं मी कशाला ऐकू?

सरळ मार्गाने मिळतं तेवढं मात्र मी मिळवलं. पहिल्या '२४' मधल्या त्या लांब रचनेचा धागा एरिक लीड्सच्या १९९१ च्या 'टाइम्स स्क्वेअर्ड' या सीडीत 'द डोपामीन रश' नावाने सापडतो. सीडी लीड्सच्या नावावर आहे, संगीताला प्रिन्सचा हात आहे. वापरलेली सीडी स्वस्तात मिळते, टपालखर्चच जास्त पडतो. माझी येताना वरचं प्लास्टिक फुटलं, आतली तबकडी धड होती. जॅझ नवीन असलेल्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन, कारण सॅक्सोफोन इथे मनमोकळा पुढे येतो. पण मला त्यात '८' मधली ती दबून केलेली साथ हवी होती, आणि ती फार थोडी आहे.

दुसऱ्या '२४' मधली एकच रचना उजेडात आली, 'सतरा'. १९९४ च्या '१-८००-न्यू-फंक' या निरनिराळ्या कलाकारांच्या संकलनात ती आहे. बाकी संकलन मी दोनदा ऐकलं, पुन्हा ऐकेन असं वाटत नाही. 'सतरा' साठी मात्र ते घ्यावं. '८' मध्ये एक माणूस सगळ्यांची कामं करत होता. इथे एका खोलीत बसून एकमेकांकडे बघत वाजवणारी माणसं ऐकू येतात. मायकेल ब्लँडचे ड्रम ऐकताना मला आमच्या एका दिवंगत तबलजी मित्राची आठवण झाली. अंगाने भारी, पण हात इतका हलका की लय कुठे धरून ठेवली आहे ते कळायचंच नाही. ही रचना संपते तेव्हा अठरा सुरू होईल म्हणून कान तसाच राहतो. सुरू होतं भलतंच गाणं.

मोठ्या खोक्याबद्दलही लिहितो, कारण बरेच जण आधी तेच घेतात. २०२० च्या सप्टेंबरात प्रिन्सच्या १९८७ च्या 'साइन ओ द टाइम्स' या अल्बमची आठ सीडी आणि एक डीव्हीडी अशी मोठी आवृत्ती निघाली. आधी न आलेले ६३ ट्रॅक तीत आहेत. कोथरूडच्या एका मित्राकडे ती आहे. सलग तीन रविवार त्याच्याकडे जाऊन ऐकली. 'कॅन आय प्ले विथ यू' यात अखेर मिळतं. प्रिन्सने ते जॅझचा बुजुर्ग ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे पाठवलं होतं, माइल्सने त्यावर ट्रम्पेट वाजवला, पण त्याच्या १९८६ च्या 'ट्यूटू' या अल्बमात ते आलं नाही. डीव्हीडीवर ३१ डिसेंबर १९८७ चा पेझली पार्कमधला, म्हणजे प्रिन्सच्या चॅनहॅसनमधल्या स्टुडिओतला, कार्यक्रम आहे, आणि त्यात माइल्स थोडा वेळ रंगमंचावर येतो. प्रिन्स त्याच्याशी कसा वागतो ते बघण्यासारखं आहे. बुजुर्ग आले की आपल्याकडे शिष्य तंबोरा घेऊन मागे सरकतो तसा त्याचा सगळा बँड मवाळ होतो. 'द बॅलड ऑफ डोरोथी पार्कर' हे गाणं खोक्यातल्या सीडींवर सॅक्सोफोन-ट्रम्पेटसकट आहे, ते ऐकताना '८' ची वाट कुठून फुटली हे समजतं.

पण ६३ ट्रॅकमध्ये मॅडहाऊसचं स्टुडिओतलं काहीच नाही, उट्रेख्टच्या कार्यक्रमात प्रिन्सचा बँड 'चार' वाजवतो तेवढंच. त्याच काळात, त्याच माणसाने, त्याच गावात वाजवलेलं. १९८७ च्या युरोप दौऱ्यात प्रिन्सच्या आधी मॅडहाऊस वाजत होता. त्या दौऱ्यातला नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा तो कार्यक्रम खोक्यात आहे आणि आधीचं हे वादन नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला हे मिळायला हवं होतं. लोकांनी ज्याला बाजूचा उद्योग म्हटलं तो प्रिन्सच्या दृष्टीने बाजूचा होता असं मला वाटत नाही. वडील जॉन नेल्सन जॅझ पियानोवादक. त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव प्रिन्स रॉजर्स ट्रिओ, आणि मुलाला नाव दिलं ते त्यावरूनच. ज्याचं नावच जॅझच्या पाटीवरून उतरलं, त्याने जॅझ वाजवताना तेवढं नाव पुसावं, यात मला वडिलांपुढची अदब दिसते. हे माझं वाटणं आहे.

प्रिन्सच्या टेप एका जागी जमवायला सुरुवात केली ती सुझन रॉजर्स या ध्वनिमुद्रक बाईंनी. १९८३ पासून त्या चार वर्षं त्याच्याकडे होत्या. पुढे पेझली पार्कच्या तळघरात तिजोरी झाली. २१ एप्रिल २०१६ ला तो गेल्यावर ती फोडावी लागली, आणि २०१७ मध्ये टेप लॉस एंजेलिसला थंड, कोरड्या गोदामात हलवल्या. टेप ओलीने चिकटते, चुंबकी थर सुटतो. आमच्या गुरुजींच्या १९७० च्या दशकातल्या मैफलींच्या अकरा टेप अशाच एका पावसाळ्यात गेल्या. तेव्हापासून मला 'सुरक्षित ठेवलं आहे' एवढ्यावर समाधान वाटत नाही. '२४' ची दोन्ही रूपं, जशी आहेत तशी, वर कोणाचा नवा हात न फिरवता यावीत. लीड्सने दोन्ही वेळा श्वास घालून वाजवलं आहे, आणि त्या श्वासाला ऐकणारं कोणी नाही.

तर, घ्यायचं असेल तर आधी '८' घ्या, तीही एलपी. सुई बदलून घ्या, कारण याचा बास खालच्या अंगाला फार खोल आहे आणि झिजलेल्या सुईवर तो नुसता गुरगुरतो. मग 'टाइम्स स्क्वेअर्ड'. खोकं मित्राकडे असेल तर मित्राकडेच ऐका. हेडफोन नकोत, खोलीत वाजू द्या.

पुतण्या पुन्हा मे महिन्यात येतो आहे. '१६' ची रेकॉर्ड दिसली तर आणायला सांगितली आहे. कोपरा कापलेला असला तरी चालेल.