जॉर्डन की लेब्रॉन? आधी मोजपट्टी ठरवा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा सर्वकालीन पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कोण, मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, या वादात बहुतेक जण आधी नाव ठरवतात आणि मग त्याच्या सोयीची मोजपट्टी शोधतात.

विजेतेपदं मोजायची तर विषयच मिटला: बिल रसेल, 13 हंगामांत 11. पण हाच निकष पुढे रेटलात तर सात विजेतेपदांच्या जोरावर रॉबर्ट हॉरी जॉर्डनच्या वर जाऊन बसतो. हॉरी मोक्याच्या क्षणी बास्केट करण्यात वस्ताद, पण निवडक नामवंतांच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही.

निव्वळ आकडे बघायचे तर विल्ट चेंबरलेन. 1961-62च्या हंगामात सरासरी 50.4 गुण, त्यात एका सामन्यात थेट 100. गंमत म्हणजे त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू, ठरला रसेल, आणि तेव्हा मतं खेळाडूच देत. रसेलचा बचाव रोज अंगावर घेणाऱ्यांना जे दिसलं, ते आज कागदावर शोधून सापडत नाही. ब्लॉकची, म्हणजे बास्केटकडे जाणारा चेंडू अडवण्याची, अधिकृत नोंद सुरू झाली 1973-74 मध्ये, रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी.

आता खरा सामना. जॉर्डनचे चाहते 'अंतिम फेरीत सहापैकी सहा' ऐकवतात आणि लेब्रॉनच्या 'दहापैकी चार'ला नाक मुरडतात. हा हिशोब मला कधीच पटला नाही. जॉर्डनचा संघ 1985, 86 आणि 87 मध्ये प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच टप्प्यात गारद झाला होता. ते पराभव कोणी धरत नाही. लेब्रॉनने 2007 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, क्लीव्हलँडच्या संघाला अंतिम फेरीपर्यंत ओढत नेलं आणि तिथे हरला, तर ते मात्र उणे! 2016 मध्ये तर 73 सामने जिंकून आलेल्या गोल्डन स्टेट संघाविरुद्ध अंतिम फेरीच्या मालिकेत 3-1 असं मागे पडूनही त्याने विजेतेपद खेचून आणलं. शिवाय करीम अब्दुल-जब्बारचा कारकिर्दीतल्या 38,387 गुणांचा विक्रम 2023 मध्ये त्यानेच मोडला.

तरीही माझा पहिला नंबर जॉर्डनचाच, आणि कारण 1987-88चा हंगाम. सरासरी 35 गुणांसह सर्वाधिक गुण, एमव्हीपी आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू, हे सगळं एकाच हंगामात. दोन्ही टोकांना एवढी हुकमत लेब्रॉनच्याही वाट्याला आली नाही. बचावाचा तो किताब त्याच्याकडे नाही.

करीम अब्दुल-जब्बारचं नाव या भांडणात मागेच राहतं. सहा एमव्हीपी, हा विक्रम अजून त्याच्याच नावावर. अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तो 1971 मध्ये ठरला आणि पुन्हा 1985 मध्ये, वयाच्या 38व्या वर्षी. त्याचा स्कायहूक, म्हणजे डोक्यावरून एका हाताने बास्केटकडे केलेली फेक, येणार हे प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक असायचं, पण अडवायचा कसा?

तर माझा क्रम: जॉर्डन, लेब्रॉन, करीम, रसेल, मॅजिक जॉन्सन. दीर्घ कारकीर्द तुम्हाला जास्त मोलाची वाटत असेल तर पहिल्या दोघांची खुशाल अदलाबदल करा. करीमला पाचाच्या बाहेर काढलंत तर मात्र वाद घालीन.